घरला चला: भूकंपानंतरची गावं, विसरत चाललेली माणसं आणि बायांचं बोलणं

आपण इथं एरवी किल्ले, शिलालेख, निजामाच्या काळातले कागद यांच्याविषयी बोलतो. आजचा भाग जरा वेगळा आहे. तो माझ्या आत्याच्या अंगणातून सुरू होतो. पण ऐकत राहा, त्यात इतिहास आहे, आणि तो आपल्याच धाराशिव जिल्ह्याचा आहे.

आत्याचं गाव लोहारा तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. १९९३च्या भूकंपानंतर हे गाव जुन्या जागेवरून उठून नव्या जागेत गेलं. शेवटच्या चार-पाच वर्षांत आत्याचं एक ठरलेलं होतं. दिवेलागण झाली की ती पदर खोचायची, चपला शोधायची आणि म्हणायची, "चल गं, घरला चल. म्हशीची धार राहिलीय." वहिनी, म्हणजे आत्याची सून, सांगायची, "मामी, हेच की आपलं घर." आत्या भिंतीला हात लावून बघायची. सिमेंटची गुळगुळीत भिंत. मग विचारायची, "हे कुणाचं घर हाय?"

सुरुवातीला सगळ्यांनी तिला समजावलं. म्हैस नाही, जुनं घर पडलं, तुम्ही इथं इतकी वर्षं राहताय. जितकं समजावावं तितकी ती चिडायची. एकदा तर तिनं वहिनीला दंडाला धरून ढकललं. ज्या बाईनं सुनेला कधी वेडावाकडा शब्द बोलला नाही, ती बाई सुनेला चोर म्हणायला लागली. "माझ्या पाटल्या हिनंच नेल्या." पाटल्या धान्याच्या कोठीत फडक्यात बांधून ठेवलेल्या सापडायच्या. ठेवलेल्या कुणी? आत्यानंच.

आता थोडं मागं जाऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून माणसं नुकती झोपलेली. भूकंपाला नाव पडलं किल्लारीचं, आणि किल्लारी लातूर जिल्ह्यात. त्यामुळं बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळं लातुरातच झालं. पण आपल्याकडं सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी इथंही तेच झालं. हा भाग तेव्हा उमरगा तालुक्यात होता. दोन्ही जिल्हे मिळून मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या घरात, काही नोंदी दहा हजारांपर्यंत जातात. माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. उन्हाळ्यात ज्या घरानं गारवा दिला, त्यानंच गाडलं.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. सगळ्यात जास्त पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणि बाकीच्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती नि मजबुतीकरण झालं. नवी गावं आखीव. सरळ रस्ते, ओळीत घरं, एकासारखं एक. जुन्या गावात गल्ली वळायची, वाड्याला वाडा चिकटलेला असायचा, पारावरून कुणाच्या दारात काय चाललंय ते दिसायचं. नव्या गावात ऐसपैस जागा आली आणि शेजार लांब गेला. ही तक्रार तेव्हाच बायकांनी केली होती. ज्याचं डोकं शाबूत आहे त्याला सवय होते. पण ज्याची आठवण झडायला लागलीय, त्याला ओळीतल्या वीस सारख्या दारांतून आपलं दार कसं सापडावं?

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यानं १८८१ मध्येच एक निरीक्षण नोंदवलं होतं: आठवणी जायला लागल्या की आधी नव्या जातात, जुन्या मागं राहतात. आत्याच्या बाबतीत याचा अर्थ असा, की तीस वर्षांचं सिमेंटचं घर आधी पुसलं गेलं आणि माळवदाचं घर उरलं. जे खरोखर जमिनीवर उरलेलंच नव्हतं. भूकंपाच्या वेळी चाळिशीत असलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. म्हणजे ज्या पिढीनं गाव गाडलेलं पाहिलं, तीच पिढी आता विसरण्याच्या वयात आलीय. आत्या एकटी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

या आजाराचं वैद्यकीय नाव स्मृतिभ्रंश, डिमेन्शिया. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. नावात 'स्मृती' असल्यामुळं आपला समज होतो की हा विसराळूपणाचा आजार. घरच्यांना विचारा. विसरणं त्यांनी कधीच पदरात घेतलेलं असतं. त्यांना मोडतं ते वागणं: संशय, आरोप, शिव्या, अंघोळीला नकार, रात्रभर जागणं, घरातून निघून जाणं. आणि गंमत अशी, म्हणजे गंमत म्हणू नये, पण या आजाराची पहिली नोंदच मुळी वागण्यापासून सुरू होते. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. आलोइस अल्झायमर यांनी लिहिलेलं पहिलं लक्षण काय? नवऱ्याविषयीचा मत्सर. त्यानंतर विसरणं, घरातल्या घरात हरवणं, वस्तू इकडून तिकडं नेऊन लपवणं, आपल्याला कुणी मारायला आलंय असं वाटून ओरडणं. ती १९०६ मध्ये वारली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत तिची हकिगत मांडली. तिची मूळ फाईल १९९५ मध्ये पुन्हा सापडली. तिला विचारलेले प्रश्न, तिची उत्तरं सगळं त्यात आहे. पण संशयाचे ते दिवस जिच्यासोबत काढले त्या नवऱ्याला काय झालं असेल, हे विचारावं असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. वस्तू लपवणारी ती फ्रँकफुर्टची बाई आणि कोठीत पाटल्या लपवणारी माझी आत्या. मधे सव्वाशे वर्षं आणि सात समुद्र. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ह्यात मामींचं काही नव्हतं म्हणा."

आपल्याकडं याला शब्द आहेतच. म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी. कुणी म्हणतं भ्रमिष्ट झाली, कुणी म्हणतं बाहेरचं झालं. हे शब्द निरुपद्रवी नाहीत. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी वस्तीतल्या लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला. लोकांना लक्षणं ओळखू येत होती, पण तो आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. म्हातारपणात असं व्हायचंच. डॉक्टरांपर्यंत हे रुग्ण क्वचित पोचत. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना मात्र अशी घरं माहीत होती. आणि लोकांच्या मते कारण काय? पोरांनी हेळसांड केली, माया लावली नाही. हे वाचलं तेव्हा मी थांबलो. वहिनी तीन वर्षं कुणाला काही बोलली का नाही, त्याचं उत्तर मला त्या एका निष्कर्षात मिळालं. बोललं की दोष सुनेवर येतो. सासू भर गल्लीत ओरडते, "मला जेवाय घालत नाही," आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं.

आत्याला दवाखान्यात नेलं होतं. कुठल्या ते महत्त्वाचं नाही. "वय झालंय, चालायचंच," असं सांगून गोळ्या दिल्या, त्यानं ती दिवसभर पेंगायची आणि रात्री उठून बसायची. मराठवाड्याचं एक जुनं दुखणं इथं सांगितलं पाहिजे. राज्यात अनेक दशकं चारच मोठी मनोरुग्णालयं राहिली: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, आणि मुंबई राज्यात आलो ते १९५६ ला. त्या उशिराचे हिशेब अजून पुरते फिटलेले नाहीत, असं माझं मत. कुणी वाद घालायला आलं तर वेगळा भाग करू.

पण एक गोष्ट या जिल्ह्याकडं होती, आणि ती बाहेरच्यांना फार दिसत नाही.

भूकंपानंतर घरं दुरुस्त करायचा प्रश्न आला तेव्हा सरकारपुढं अडचण ही होती, की पैसा घरमालकाच्या हातात जाणार, पण दुरुस्ती शास्त्रोक्त कशी होणार? इंजिनिअर किती गावांत पुरणार? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं आणि गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून बायका नेमल्या गेल्या. त्याच गावच्या. अनुदान किती, कागद कुठले, भिंतीत आडवा दगड कसा घालायचा, हे त्यांनी शिकायचं आणि दारोदार जाऊन सांगायचं. वहिनीची आई तिच्या गावात संवाद सहायक होती. वहिनी सांगते, "आई सहीपुरतं शिकलेली. पण इंजिनिअरला म्हणायची, साहेब, ह्या कोपऱ्यात सिमेंट कमी पडलंय." पहिल्यांदा लोक हसले. मग तिनं स्वतःच्या घराची भिंत बांधून घेतली आणि बायांना बोलावून दाखवली. हसणं थांबलं.

ही रीत लक्षात घ्या. जी बाई स्वतः त्यातून गेलीय, तीच दुसरीला सांगणार. तिच्याकडं पदवी नाही, पण तिच्या घराची भिंत उभी आहे. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातेत गेल्या. भाषा वेगळी, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी. पण छप्पर गेलेल्या बाईशी कसं बोलायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. पुढं दुरुस्तीचा कार्यक्रम संपला तरी गट मोडले नाहीत, अनेक ठिकाणी त्यांचे बचत गट झाले.

तिकडं तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं दुसऱ्या वाटेनं हेच केलं. गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांना नाव दिलं 'भारतवैद्य'. आशा कार्यकर्ती ही योजना देशभर आली ती २००५ नंतर. अणदूरच्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून ताप बघत होत्या, बाळंतिणीकडं जात होत्या.

मी याचं गोडगोड चित्र रंगवत नाहीये. बायांनी बायांना आधार द्यायचा म्हणजे पुष्कळदा सरकारनं हात झटकायचे आणि काम फुकटात किंवा चार पैशांत करून घ्यायचं, असंही होतं. आशाताईंचे मोर्चे आपण पाहतोच. पण रीत खरी आहे, आणि स्मृतिभ्रंशाच्या इतिहासात तीच रीत जगभर दिसते.

१९७९ मध्ये ब्रिटनमध्ये अल्झायमर सोसायटी सुरू झाली, ती सांभाळणाऱ्या घरच्या माणसांच्या पुढाकारानं. १९८४ मध्ये अशा देशोदेशीच्या संघटनांचा महासंघ झाला. भारतात १९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी सुरू केली. ते बालरोगतज्ज्ञ. म्हणजे हा त्यांचा विषयच नव्हे. पण वडिलांना हा आजार झाला होता. मुलगा म्हणून जे भोगलं, त्यातून संस्था उभी राहिली.

महाराष्ट्रात ही वाट थोडी वेगळ्या दारानं आली. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेले, मूळचे धुळे जिल्ह्याकडचे जगन्नाथ वाणी. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि तिथं घरच्यांचा स्वमदत गट चालू झाला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' बऱ्याच जणांनी पाहिला असेल, त्यामागंही वाणी होते. त्याच दिग्दर्शकद्वयीनं पुढं 'अस्तु' केला, अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची गोष्ट, मोहन आगाशे त्यात आहेत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळही असंच घरच्यांच्या नि रुग्णांच्या जोरावर चालतं. या गटांनी मराठीला दोन छान शब्द दिले. आजारी माणूस म्हणजे 'शुभार्थी', सांभाळणारा 'शुभंकर'. मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, तुम्ही शुभंकर आहात." ती भांडी घासत होती. "व्हय का? मग शुभंकराला जरा बादलीभर पाणी आणून द्या."

आता गोव्याची ती चाचणी, जी मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबं घेतली. निम्म्यांच्या घरी स्थानिक, थोडं प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते सहा महिने पंधरवड्यातून किमान एकदा जात. आजार काय आहे ते सांगत, चिडल्यावर काय करायचं ते बोलत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत, सरकारी योजनांची माहिती देत. मागं समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ होते. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. आजारी माणसाच्या वागण्याची तीव्रता थोडी कमी झाली, पण ठामपणे सांगता येईल इतकी नाही. सांभाळणाऱ्याचं मानसिक आरोग्य मात्र स्पष्टपणे सुधारलं, आणि त्या वागण्यामुळं होणारा त्याचा त्रासही स्पष्टपणे कमी झाला.

पुन्हा सांगतो. म्हातारा तितकाच ओरडत होता. सुनेला त्याचा त्रास कमी होत होता. हे औषधाचं काम नव्हे.

आत्याच्या गावात असं कुणी कार्यकर्ते आले नाहीत. तिथं काय झालं ते सांगतो. बचत गटाची बैठक महिन्याच्या ठरलेल्या तारखेला असते. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, बाया उठल्या. वहिनी मागं रेंगाळली, घरी जायची इच्छा नव्हती. तिचा दंड काळानिळा झालेला एका वयस्कर बाईनं पाहिला आणि विचारलं, "सासूनं धरलं का?" वहिनीला वाटलं, आता ही गावभर करणार. त्या बाईनं स्वतःची बाही वर केली. तिच्या सासऱ्यांचं तिनं सहा वर्षं केलं होतं. ते लोटा फेकून मारायचे. खूण होती.

त्या बाईनं सांगितलेलं आम्हाला कुठल्याच दवाखान्यात सांगितलं गेलं नव्हतं. "घरला जायचं म्हणली तर नाही म्हणू नको. चपला घाल आणि संगट चाल. वाटेत म्हशीचं विचार, किती दूध देती, नाव काय. चिंचेपर्यंत जा. तिथनं म्हण, आता अंधार पडला, आज इथंच मुक्काम करू. आणि घराकडं वळव." वहिनीनं ते केलं. पहिल्या दिवशी जमलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्या चिंचेपाशी स्वतःच म्हणाली, "लई चाललो बाई, आता उद्या जाऊ."

हळूहळू बैठकीनंतर थांबणाऱ्या चौघी-पाचजणी झाल्या. एकीची आई माहेरी होती नि भाऊ ऊसतोडीला गेलेला, म्हणून ती आईला सासरी घेऊन आलेली. एकीचा नवराच साठीत बिघडलेला, तिच्यावर संशय घ्यायचा. ती वर्षभर गप्प बसून नुसती ऐकायची. पाटल्यांचा प्रश्न असाच सुटला. कुणीतरी म्हणालं, नकली पाटल्या आणून दे, खऱ्या कुलपात ठेव, आणि चोरी झाली म्हणाल्या की वाद घालू नको, "चला मामी, दोघी मिळून शोधू" म्हण. अंघोळीचं असं ठरलं, की डोक्यावर एकदम पाणी ओतायचं नाही, आधी पायावर, आणि कडीला पाठ करून बसवायचं नाही. हे सगळं मी नंतर तज्ज्ञांच्या पुस्तिकांत वाचलं. जवळजवळ शब्दशः.

सगळंच बरोबर होतं असंही नाही. एकीनं खाटेला बांधून ठेवायचा सल्ला दिला होता, एकीनं अंगाऱ्याचा. दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या उसन्या दिल्याचंही मला कळलं, ते फार धोक्याचं. आणि एक प्रसंग तर वाईटच होता. एका घरातली आजी दोन दिवसांत अचानक बरळायला लागली, दिसत नसलेली माणसं दिसायला लागली. बाया म्हणाल्या, आजार वाढला, असंच होतं. नशिबानं गावच्या आशाताईंना शंका आली. लघवीचा जंतुसंसर्ग निघाला, उपचारानं आजी पुष्कळ सावरली. त्यामुळं हे ध्यानात ठेवा: महिन्या-वर्षांत हळू होणारा बदल वेगळा, आणि दोन-चार दिवसांत झालेला बदल वेगळा. दुसऱ्यात ताबडतोब डॉक्टर. पहिल्यातही एकदा थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायचं, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि त्यावर इलाज आहे. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून चालू, मराठीतही बोलतात. ज्येष्ठांसाठी १४५६७.

देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्यांत शंभरात सातांहून थोड्या जास्त जणांना स्मृतिभ्रंश, एकूण ८८ लाखांच्या आसपास. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. खेड्यातली म्हातारी बाई, आणि तिला सांभाळणारी बहुतेक वेळा दुसरी बाई. कुठल्याही कागदावर त्या चौघी-पाचजणींच्या बसण्याला नाव नाही. वहीत फक्त हप्त्यांच्या नोंदी आहेत.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. या भागासाठी मी वहिनीला भेटायला गेलो तेव्हा संध्याकाळ होत आलेली. बोलता बोलता फोन वाजला. शेजारच्या गावची कुणीतरी सून होती, हिनं तिला पाहिलेलंही नव्हतं. वहिनीनं मला हातानं थांबायची खूण केली आणि फोनवर म्हणाली, "रडू नको. आधी सांग, त्यांची म्हस होती का बैल?"